मातीचे बैल आणि मुलांचे हात

बेंदूर जवळ आला की दक्षिण महाराष्ट्रातल्या बाजारात कुंभार मातीचे बैल घेऊन बसतात. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात हेच चित्र पोळ्याला दिसतं. ज्याच्या दावणीला बैल नाही, त्याच्याही पाटावर मातीची जोडी असते. तिची पूजा होते, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. अनेक घरांत मात्र बैल विकत आणत नाहीत. घरातलं वडीलधारं माणूस काळी माती कालवून देतं आणि मुलं बैल करायला बसतात. पाटावर असेतो तो देव, पाटावरून उतरला की खेळणं! या दोन्हींत फारसं अंतर आहे, असं मुलांना कधी वाटत नाही.

ही रीत किती जुनी? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून अनेक हंगाम तिथे उत्खनन केलं. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या एका घरात जमिनीखाली पुरलेली मातीची एक पेटी सापडली. तिच्यात शीर नसलेली स्त्रीमूर्ती होती आणि सोबत एक बैल होता. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक. मधे काडी घातली की मूर्ती बैलावर उभी राहते. मूर्ती आणि बैल दोन्ही न भाजलेल्या, कच्च्या मातीचे. पुरून ठेवले म्हणूनच ते टिकले. हा बैल पूजेतला होता, खेळण्यातला नव्हे. पण माती तीच आणि घडवण्याची पद्धतही तीच.

खेळण्यातली जनावरं पाहायची तर आणखी मागे, सिंधू संस्कृतीपर्यंत जावं लागतं. मोहेंजोदारो आणि हडप्पा इथे ती ढिगांनी मिळाली. मान वेगळी करून दोरीने हलवता येणारा बैल आहे, चाकांवरचा मेंढा आहे, पोकळ पक्ष्याची शिट्टी आहे. ही कसबी हातांची कामं. पण त्यांच्याबरोबर काही जनावरं इतकी ओबडधोबड सापडली, की ती मुलांनीच केली असावीत असा तर्क उत्खनन करणाऱ्यांनी केला. मला ही ओबडधोबड जनावरंच जास्त मोलाची वाटतात. राजांचे शिलालेख असतात, व्यापाऱ्यांच्या मुद्रा असतात. लहान मुलं मात्र इतिहासात जवळजवळ काहीच मागे ठेवत नाहीत. त्यांच्या हाताची खूण कुठे असेल, तर ती अशा वेड्यावाकड्या बैलातच!

गंमत अशी, की हजारो वर्षं मुलं जे करत होती, त्याला ‘शिक्षण’ हे नाव मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी आपल्या बालशाळेला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. मुलांच्या तिथल्या हस्तव्यवसायांत मातीकामही आलं. मूल हाताने घडवतं तेव्हा त्याचं मनही घडतं, हा त्यामागचा विचार.

पण शाळेत मातीची एक अडचण असते. ज्यांनी पोळ्याचा बैल केला आहे, त्यांना ती सांगायला नको. धड वेगळं आणि पाय वेगळे करून नुसते चिकटवले, तर वाळताना माती आकसते आणि सकाळी बैल पाय गाळून बसलेला असतो. म्हणून जाणती माणसं एकाच गोळ्यातून पाय, वशिंड, शिंगं ओढून काढायला शिकवतात. जोड द्यायचाच तर दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मधे पातळ चिखल भरतात.

इंग्लंडमध्ये बाथ शहरातले कलाशिक्षक विल्यम हारबट यांच्यापुढे हाच प्रश्न होता. माती वाळली की विद्यार्थ्याला चूक दुरुस्त करता येत नसे. १८९७ च्या सुमारास त्यांनी चुनखडीची पूड आणि तेलकट द्रव्यं मळून कधीच न वाळणारी माती तयार केली. तिचं नाव प्लॅस्टिसीन. आधी ती फक्त करड्या रंगाची होती, मग इतर रंग आले. १९०० मध्ये बाथजवळच्या बाथॅम्प्टन गावी, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत तिचा कारखाना सुरू झाला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात जी रंगीत ‘क्ले’ असते, ती याच कुळातली. हत्ती बिघडला तर मोडायचा आणि त्याचाच उंट करायचा, ही सोय मुलांना तिने दिली.

आपल्याकडे प्रश्न वेगळा होता, तो पैशांचा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नव्हती, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

बैल रोज पाहणं आणि बैल करायला बसणं, यात फरक आहे. करायला बसलं की प्रश्न पडतात. वशिंड नेमकं कुठे असतं? शिंगाच्या पुढे कान की मागे? मागचा पाय कुठल्या बाजूला वाकतो? उत्तर मिळवायला मूल गोठ्यात जाऊन पुन्हा पाहतं. शहरातल्या मुलाला गोठा नसेल, पण गल्लीतलं कुत्रं आणि खिडकीतलं कबूतर तर आहे! रंगीत क्ले वाईट नाही. पण तिच्याबरोबर तयार साचे येतात, आणि साच्यातून निघालेल्या हत्तीसाठी हत्तीकडे पाहावंच लागत नाही. साचे तेवढे बाजूला ठेवा.

येत्या पोळ्याला किंवा बेंदराला बाजारातली देखणी जोडी जरूर आणा. शेजारी मुलाने केलेला बैलही मांडा. त्याचं एक शिंग आखूड असेल, एखादा पाय जाड असेल. मोहेंजोदारोच्या मुलांचे बैलही काही फार सुबक नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)