जिमी कार्टर : कुटुंब, मंडळी आणि चरित्राचे मोजमाप

अमेरिकेचे ३९ वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले. वयाची शंभर वर्षे पूर्ण करणारे ते पहिलेच अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या कारकिर्दीविषयी (१९७७-१९८१) एक निवाडा रूढ झाला आहे : राष्ट्राध्यक्ष म्हणून अयशस्वी, माणूस म्हणून थोर. १९७८ चा कॅम्प डेव्हिड करार जमेस धरूनही महागाई, इराणमधील ओलीस प्रकरण आणि १९८० चा पराभव यांमुळे पहिल्या भागास आधार मिळतो. मात्र दुसरा भाग बहुधा तपासलाच जात नाही. कुटुंबवत्सल आणि धर्मनिष्ठ ही विशेषणे श्रद्धांजलीची म्हणून इतिहासलेखक बाजूला ठेवतात. प्रस्तुत लेखात या दोन विशेषणांकडेच ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्टर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९२४ रोजी जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या लहानशा गावी झाला. वडील शेतकरी व दुकानदार असून वर्णभेदाच्या व्यवस्थेचे समर्थक होते. आई लिलियन परिचारिका होत्या आणि कृष्णवर्णीय शेजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात त्यांना संकोच वाटत नसे. एकाच घरातील या दोन वृत्तींचा ताण कार्टर यांच्या आयुष्यात दीर्घकाळ दिसून येतो. १९४६ मध्ये नौदल अकादमीतून पदवी घेतल्यानंतर ७ जुलै रोजी त्यांचा गावातीलच रोझलिन स्मिथ यांच्याशी विवाह झाला.

१९५३ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी नौदलाची नोकरी सोडून शेंगदाण्याच्या व्यवसायासाठी प्लेन्सला परतण्याचे ठरविले. हा निर्णय घेताना त्यांनी पत्नीस विचारलेही नाही. रोझलिन यांना तो मुळीच मान्य नव्हता. कुटुंबवत्सल म्हणून गौरविताना हा प्रसंग वगळून चालणार नाही, कारण पुढील सहजीवनाचे मूल्य त्यामुळेच कळते. व्यवसायाचे हिशेब रोझलिन पाहू लागल्या. पुढे राष्ट्राध्यक्षांची पत्नी असताना त्या मंत्रिमंडळाच्या बैठकींना उपस्थित राहत. १९८७ मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिले, तेव्हा आठवणी जुळेनात आणि वाद विकोपाला गेला. अखेर ज्या परिच्छेदांवर एकमत होईना, त्यांवर ज्याचे त्याचे आद्याक्षर छापून मार्ग काढण्यात आला. झोपण्यापूर्वी भांडण मिटवावे व एकत्र शास्त्रवाचन करावे, हा त्यांचा नेम होता. मतभेद लपविणारा हा संसार नव्हता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

चर्चच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. कार्टर प्लेन्स बॅप्टिस्ट चर्चचे डीकन होते आणि रविवारच्या शाळेत शिकवीत. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांना उपासनेस प्रवेश नाकारण्याचा ठराव मंडळीपुढे आला. कार्टर यांनी उभे राहून विरोध केला. विरोधात अवघी सहा मते पडली, त्यांपैकी पाच त्यांच्याच कुटुंबातील होती. ज्या गावात गिऱ्हाईक, नातलग आणि मंडळी एकच, तेथे अशा मताची किंमत मोठी असते. तथापि हाच माणूस १९५० च्या दशकात स्थानिक शिक्षण मंडळावर असताना शाळांतील वर्णविभागणीविरुद्ध उघडपणे उभा राहिला नाही. १९७० च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याने विभागणीवादी मतदारांना चुचकारले आणि निवडून येताच, १९७१ मधील पहिल्याच भाषणात, वर्णभेदाचा काळ संपल्याचे जाहीर केले. धर्मनिष्ठेने त्यांना नेहमीच धैर्य दिले असे म्हणता येत नाही. मात्र आपण कोठे गप्प राहिलो याची बोचणी तिने जागी ठेवली असावी.

१९७६ मध्ये प्रवेशाचा हाच वाद पुन्हा पेटला, मंडळी दुभंगली आणि मारानाथा बॅप्टिस्ट चर्च निर्माण झाले. वॉशिंग्टनहून परतल्यावर कार्टर दांपत्य या नव्या मंडळीत सामील झाले. माजी राष्ट्राध्यक्ष तेथे शिकवीत, हिरवळ कापीत. चर्चमधील क्रूस आणि दानाची लाकडी तबके त्यांनी स्वतः घडविली होती. २००० मध्ये स्त्रियांनी पाळकपद स्वीकारू नये ही सदर्न बॅप्टिस्ट संघटनेची भूमिका अमान्य करून त्यांनी तिच्याशी असलेले जन्मभराचे नाते तोडले. संघटना सुटली, मंडळी सुटली नाही. त्या मंडळीत रोझलिन स्वतः डीकन झाल्या. कार्टर यांचे अध्यापन २०१९ पर्यंत, म्हणजे वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत चालू राहिले.

या कुटुंबाचा महाराष्ट्राशी आलेला संबंध येथे नमूद करण्याजोगा आहे. लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाचे व दवाखान्याचे काम करू लागल्या. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे २००६ मध्ये कार्टर पतिपत्नी लोणावळ्याजवळ आले आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या शंभर घरांच्या बांधकामात स्वयंसेवकांसमवेत राबले. तेव्हा कार्टर यांचे वय ८२ होते. मुलाच्या या श्रमामागे आईचे विक्रोळीतील दिवस पाहणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रुग्णालयातील उपचार थांबवून कार्टर यांनी घरीच राहण्याचे ठरविले. रोझलिन यांचे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, विवाहाला ७७ वर्षे झाल्यावर, निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीस कार्टर चाकांच्या खुर्चीतून मारानाथा चर्चमध्ये आले होते. ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये शासकीय इतमामाने प्रार्थना झाल्यावर त्यांचे पार्थिव त्याच लहान चर्चमध्ये आणण्यात आले आणि सायंकाळी प्लेन्समधील घराच्या आवारात, पत्नीच्या शेजारी, दफन करण्यात आले.