न्यूट्रॉन आधी की ऱ्हास आधी?

१९५२ साली माउंट विल्सन वेधशाळेचे पॉल मेरिल यांनी काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा ओळखल्या. आवर्तसारणीतील या ४३व्या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. त्याच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षे. ताऱ्यांची वये त्याहून कितीतरी मोठी. म्हणजे हे टेक्नेशियम ताऱ्याने जन्मतः आणलेले नव्हते. ते तिथेच, अलीकडे तयार झाले होते.

कसे, याचे सविस्तर उत्तर १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल (आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू) यांनी दिले. त्याच वर्षी अ‍ॅलिस्टर कॅमरन यांनीही स्वतंत्रपणे तोच विचार मांडला. अणुकेंद्र न्यूट्रॉन टिपते आणि जड होते. ते अस्थिर झाले तर बीटा-ऱ्हासाने त्यातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो व ते आवर्तसारणीत एक घर पुढे सरकते. मेरिल यांनी पाहिलेल्या ताऱ्यांत हे सावकाश चालते. दोन न्यूट्रॉन टिपण्यात सहसा वर्षे जातात आणि तोवर बहुतेक अस्थिर केंद्रांचा ऱ्हास झालेला असतो.

पण काही केंद्रे रेंगाळतात. समेरियम-१५१ चे अर्धायुष्य प्रयोगशाळेत सुमारे ९० वर्षे आहे. ताऱ्यातील प्रचंड तापमानात ते बरेच कमी होते. इथे वाटेला फाटा फुटतो.

एस.टी.च्या थांब्यावरचा उतारू डोळ्यांसमोर आणा. गाडी आली तर तो बसून जातो, नाही आली तर कंटाळून पायी निघतो. किती जण गाडीने गेले आणि किती पायी, हे कळले तर गाड्या किती वेळाने येत होत्या याचा अंदाज बांधता येतो. आज आढळणाऱ्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ताऱ्याच्या पोटातील न्यूट्रॉनांची गर्दी आणि तापमान काढतात ते असेच. मात्र समोर आलेल्या गाडीत उतारू चढण्याची शक्यता किती, हे आधी ठाऊक हवे. ते ठाऊक नसेल तर सगळा हिशेबच लटका पडतो.

ही शक्यता मोजणे हेच खरे दुखणे. स्थिर केंद्रांवरील मोजमापे ओक रिज येथे १९६०च्या दशकात आणि पुढे कार्ल्सरूह येथे मोठ्या चिकाटीने झाली. अस्थिर केंद्रांची गोष्ट वेगळी. केंद्राने न्यूट्रॉन टिपला की गॅमा किरण बाहेर पडतात, त्यांवरून ते कळते; पण नमुना स्वतःच किरणोत्सारी असेल तर ही खूण त्याच्याच गोंगाटात बुडते. सर्नमध्ये यावर उपाय निघाला. तेथे प्रोटॉनांचे तीव्र, क्षणिक झोत शिशावर आदळवून न्यूट्रॉन मोकळे करतात आणि १८५ मीटर दूर ठेवलेल्या नमुन्यापर्यंत पोचायला त्यांना लागलेल्या वेळावरून त्यांची ऊर्जा काढतात. क्षणभरात इतके न्यूट्रॉन येतात की नमुन्याचा गोंगाट मागे पडतो. समेरियम-१५१ चा सुमारे २०० मिलिग्रॅमचा नमुना वापरून केलेले मोजमाप २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ताऱ्यातील ऊर्जेला उत्तर आले सुमारे ३.१ बार्न (बार्न हे क्षेत्रफळाचे एकक, अणुकेंद्र न्यूट्रॉनला केवढे लक्ष्य भासते हे त्यात सांगतात). आधीच्या सैद्धान्तिक अंदाजांपेक्षा हे लक्ष्य ठळकपणे मोठे होते.

सिद्धान्तावर किती विसंबावे, याचे याहून झणझणीत उदाहरण २०१९ चे. ८३ दिवस अर्धायुष्याच्या झिर्कोनियम-८८ चे लक्ष्य अणुभट्टीतील मंद न्यूट्रॉनांसाठी सुमारे १० बार्न असावे, असे गणित होते. निघाले सुमारे ८ लाख ६० हजार! ताऱ्यातले न्यूट्रॉन बरेच वेगवान असतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तिथे लागू करता येत नाही.

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत, जशी २०१७ मध्ये दिसली, सोने-प्लॅटिनमसारखी मूलद्रव्ये बनतात. तिथे वाटेत येणारी अनेक केंद्रे सेकंदभरही टिकत नाहीत. त्यांचा नमुना तयार करून ठेवायचा कुठे? त्यासाठी आता प्रयोग उलटा करतात. अस्थिर केंद्रांचाच झोत ड्यूटेरियमवर सोडतात आणि ड्यूटेरियममधला न्यूट्रॉन त्यांना उचलू देतात.