पाटाकाठचे धुळे

एप्रिलच्या उन्हात जळगाव-धुळ्याकडे आलेला पाहुणा खानदेशाला रखरखीत मुलूख समजतो आणि त्यात त्याची फार मोठी चूक होते असेही नाही. मात्र धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून तो देवपूर या उपनगरात शिरला, की कुंपणांमागचे निंब पाहून म्हणतो, “इथे सावली बरी आहे.” आम्हा देवपूरकरांना हे ऐकून अभिमान वाटतो, जणू ती सावली आम्हीच निर्माण केली! या अभिमानाची इतिहासाशी एकदा गाठ घालून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी (फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे पुढे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच) जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले. तेव्हाचे धुळे म्हणजे ४०१ घरांचे आणि २,५०९ वस्तीचे लहानसे गाव. १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळाली. लांबलांबून कारागीर आणवले गेले आणि सुमारे २,७०० पौंड खर्चून इमारती उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा देण्यात आल्या. बांधकामासाठी आगाऊ रकमाही दिल्या गेल्या, जुन्या रहिवाशांना तशाच परक्यांनाही. सरळ आखलेल्या आणि नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या नव्या धुळ्याची आजही दिसणारी खूण.

पण ब्रिग्ज यांनी केलेल्या वर्णनातला एक तपशील मला या साऱ्याहून मोलाचा वाटतो. हे छोटे गाव बागायतीने वेढलेले असून नदी आणि पाट यांच्यामध्ये कोंडलेले आहे, असे ते सांगतात. म्हणजे साहेब येण्यापूर्वीच येथे हिरवाई होती, आणि ती पाटाच्या पाण्यावर पोसलेली होती.

पांझरेवरील फड पद्धत पुष्कळ जुनी. नदीला दगडी बंधारा घालायचा, पाणी उताराने पाटात न्यायचे आणि गावची जमीन काही मोठ्या फडांत, बहुधा चार, विभागायची. एका फडात सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे. पाणी सोडणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला. पाऊस कमी झाला, तर भिजवायचे क्षेत्रच कमी करायचे आणि ती तूट सर्वांनी मिळून सोसायची. वसईच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. वाडीतले बावखल बुजले की वाडीचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे.

नदीने दिले तसे नेलेही. १८७२ च्या महापुरात धुळ्यातील घरांची आणि मालमत्तेची फार हानी झाली. नदीपलीकडचे देवपूर तेव्हा शेतांच्या सोबतीनेच नांदत होते. पुढे शाळा-महाविद्यालये आली, नोकरदार मंडळी आली, शेतांचे प्लॉट पडले आणि वसाहती उभ्या राहिल्या. येथील रस्त्यांची नावे आजही गावांचीच आहेत : वाडीभोकर, गोंदूर, नकाणे. त्यांतल्या नकाणे तलावाने धुळेकरांची तहान भागवली. जळगावात मेहरूणची गोष्ट याहून निराळी नाही. तळ्याकाठचे, बोरांसाठी प्रसिद्ध असलेले ते गाव आता शहराचाच एक भाग आहे. बोरांचे नाव उरले. बोरी मात्र शोधाव्या लागतात.

आमच्या दारातला निंब आमच्या घराहून जुना आहे. तो शेताच्या बांधावर उभा होता. प्लॉट पडताना बांध गेला आणि झाड कसेबसे वाचले. त्याला आम्ही कधी पाणी घातल्याचे मला आठवत नाही. नवीन झाडाची गोष्ट मात्र वेगळी. नळाला रोज पाणी येत नाही, बोअरवेल उन्हाळ्यात आटते, आणि झाडाला बादली देण्याआधी स्वयंपाकघरातल्या हंड्याकडे पाहावे लागते. सावलीची स्तुती करणाऱ्या पाहुण्याला हे सांगितले, तर तो चकित होतो.

यंदा फाटकापाशी निंबाचे एक रोप लावले आहे. त्याला तांदूळ धुतलेले पाणी घालतो.