पाहुण्या ताऱ्याची नोंद

मनुष्य मर्त्य, राज्यें नश्वर, आणि तारे मात्र अढळ, अशी समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगीत आलों आहों. परंतु ताऱ्यांसहि जन्म आहे, तारुण्य आहे व मृत्युहि आहे. हें ज्ञान मनुष्यास ज्या मार्गानें प्राप्त झालें, त्या मार्गावर एक साधें दरबारी टिपण आहे. त्या टिपणाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १०५४ च्या जुलईच्या ४ थ्या तारखेस, चीनच्या सुंग राजांच्या पदरीं असलेल्या ज्योतिष्यांस वृषभ राशींत एक अपूर्व तारा दिसला. त्यांनीं त्यास 'पाहुणा तारा' म्हटलें. तो २३ दिवस सूर्यप्रकाशांतहि दिसत होता. पुढें रात्रीं त्याचें तेज मंदावत जाऊन १०५६ च्या एप्रिलांत तो अदृश्य झाला. आकाशांतील चिन्हांवरून राजाचें शुभाशुभ वर्तविणें हें त्या ज्योतिष्यांचें काम होतें. त्यांचें भाकीत त्या राजाबरोबर लयास गेलें. नोंद मात्र दप्तरांत राहिली.

सुमारें सात शतकांनंतर, १७३१ मध्यें, जॉन बेव्हिस या इंग्रजास वृषभ राशींतच एक धुरकट प्रकाशाचा पुंजका दुर्बिणींतून दिसला. १७५८ मध्यें धूमकेतूच्या शोधांत असतां फ्रेंच ज्योतिषी मेसिये यासहि तो आढळला. आणि धूमकेतूचा भ्रम उत्पन्न करणाऱ्या वस्तूंच्या आपल्या यादींत त्यानें त्यास पहिला क्रमांक दिला. पुढें त्याच्या आकृतीवरून लोक त्यास 'खेकडा' म्हणूं लागले. १९२१ मध्यें अमेरिकेंत डंकन यानें त्याचीं जुनीं व नवीं छायाचित्रें ताडून पाहिलीं, तों हा तेजोमेघ चोहोंकडे पसरत आहे असें दिसून आलें. १९२८ मध्यें हबल यानें प्रसरणाचा हिशेब उलट मांडला. प्रसरणाचा आरंभ सुमारें ९०० वर्षांपूर्वीं निघाला, व चिनी टिपणाशीं त्याचा मेळ बसला. १९४२ मध्यें चिनी विद्येचे पंडित डायव्हेंडाक यांनीं जुने ग्रंथ तपासले, मेयॉल व ऊर्ट या ज्योतिष्यांनीं वेध तपासले, आणि शंकेस जागा उरली नाहीं.

हा तारा मेला कसा? ताऱ्याचें स्वतःचें वजन त्यास आंत दाबीत असतें. हायड्रोजनाचें हेलियम होतांना निघणारी उष्णता तो दाब तोलून धरते. आपला सूर्य हा संसार सुमारें १००० कोटी वर्षें चालवील, आणि अखेर विझत्या निखाऱ्यासारखा लहान श्वेत तारा होऊन राहील. प्रचंड ताऱ्याची गोष्ट निराळी. उधळ्या श्रीमंताप्रमाणें तो आपलें द्रव्य लवकर संपवितो. अखेर त्याच्या गाभ्याचें लोखंड होतें, व लोखंडापासून आणखी उष्णता मिळत नाहीं. सूर्याच्या सुमारें १.४ पटींहून जड झालेला असा गाभा आपला भार सोसूं शकत नाहीं. या मर्यादेचें गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं १९३० च्या सुमारास, ऐन विशींत, मांडलें. गाभा क्षणांत कोसळतो, आणि बाहेरील थर आकाशांत फेंकले जातात. 'खेकड्या'च्या मध्यभागीं उरलेला तो गाभा १९६८ मध्यें सांपडला. त्याचा व्यास अवघा २० किलोमीटरांच्या आसपास असून तो सेकंदास सुमारें ३० वेळां स्वतःभोंवतीं फिरतो.

चिनी ज्योतिष्यांनीं ज्यास पाहुणा म्हटलें, तो येत नव्हता, जात होता. त्याचा प्रकाश येथें पोहोंचण्यास सुमारें ६५०० वर्षें लागलीं, म्हणजे त्यांनीं पाहिला तेव्हां तो मरून कित्येक सहस्र वर्षें लोटलीं होतीं. यांतील कांहींहि त्यांस ठाऊक नव्हतें. तरी दिवस, स्थान व तेज त्यांनीं जसें दिसलें तसें लिहिलें.

आपल्याकडील शकावल्या व रोजनिशा चाळतांना निरुपयोगी वाटणारी ओळ टाकून द्यावीशी वाटते. तिचा उपयोग कोणास व कधीं होईल, हें लिहिणाऱ्यास कळत नाहीं. आपणांसहि कळत नाहीं. म्हणून प्रामाणिक नोंद, ती लहान असली तरी, जपून ठेवणें हेंच शहाणपणाचें होय.