गॅस संपत नाही

मंडळाचा गणेशोत्सव असो, संक्रांतीचे हळदीकुंकू असो की उन्हाळ्यातली सहल असो, जेवणाच्या रांगेत कुणीतरी मला गाठतेच. "अहो, बरे झाले भेटलात! आमचा फ्रीज आठ दिवस नीट गार होत नाहीये. गॅस संपला असेल का हो?" पस्तीस वर्षे मी टोरोंटो आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन फ्रीज दुरुस्त केले आणि हा प्रश्न किती वेळा ऐकला याची गणती नाही. उत्तर मात्र ठरलेले आहे. स्कूटरमधले पेट्रोल संपते, स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो, पण फ्रीजमधला गॅस संपत नाही. तो एका बंद नळीत वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठेतरी गळला. आणि गळला तर गेला कुठे?

यंदा संपादकांनी "फ्रीजवर काहीतरी उपयोगी लिहा" असा आग्रह धरला तेव्हा हाच प्रश्न डोक्यात घोळू लागला. त्याच्या उत्तरासाठी जरा मागे, १८३४ सालच्या मुंबईत जावे लागेल. वाचकहो, थोडा धीर धरा. भाजीच्या कप्प्याखाली साचणाऱ्या पाण्यापर्यंत मी येणारच आहे!

त्या काळी मुंबईला बर्फ यायचा तो अमेरिकेतून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ साली 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. तळ्यांतला कापलेला बर्फ, लाकडाच्या भुशात दाबलेला. चार महिन्यांचा प्रवास करून सुमारे १०० टन शिल्लक पोहोचला! पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, पाहुण्यांना पडसे झाले आणि 'बॉम्बे समाचार'ने चिमटा काढला, असे सांगतात. नंतर फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी बर्फ साठवायला खास घुमटाची इमारत उभी राहिली. इकडे कॅनडातही तेच. हिवाळ्यात सिमको तलाव गोठला की बेल युअर्टला करवतींनी बर्फाच्या लाद्या कापायच्या आणि आगगाडीने टोरोंटोला आणायच्या. घरात लाकडी पेटी, वरच्या कप्प्यात बर्फ, खाली दूध-लोणी.

गंमत म्हणजे मुंबईत बर्फ उतरला त्याच १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्सने बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजचा फ्रीज त्याच तत्त्वावर चालतो, आणि ते तत्त्व आपल्या आज्यांना ठाऊक होते. माठातले पाणी गार का होते? बाहेर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. फ्रीज म्हणजे असा माठ, की ज्यातून उडालेली वाफ वाया जात नाही. कॉम्प्रेसर ती ओढून घेतो, दाबतो, मागच्या किंवा खालच्या जाळीत ती आपली उष्णता खोलीत टाकून पुन्हा द्रव होते आणि परत आत उडायला जाते. फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. हे एकदा नीट समजले की निम्म्या तक्रारींचे निदान घरबसल्या होते.

प्रश्न एवढाच होता, की नळीत कोणता पदार्थ भरायचा. सुरुवातीला अमोनिया, मिथाइल क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड असे एकाहून एक विषारी वायू वापरत. बर्लिनमध्ये फ्रीजच्या गळतीने एक कुटुंब झोपेतच दगावल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइनने लिओ झिलार्डच्या साथीने नव्या फ्रीजचे पेटंट घेतले. ते बाजारात चालले नाही. चालले ते थॉमस मिजलीचे फ्रिऑन. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, वास नाही. यालाच आम्ही मेकॅनिक 'आर-१२' म्हणायचो. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही याच गृहस्थांची, म्हणजे दोन्ही हातांनी दान!

आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने फ्रीज बनवायला सुरुवात केली. मग केल्व्हिनेटर, ऑल्विन आले. आमच्या चाळीत पहिला फ्रीज आमच्या घरी आला तो १९७४ साली. एकशे पासष्ट लिटरचा, दाराला कुलूप असलेला. शेजारच्या काकू उन्हाळ्यात बर्फ मागायला वाटी घेऊन यायच्या. बर्फाच्या कप्प्यावर बोटभर हिम चढायचे आणि आई ते सुरीने खरवडायची. एके दिवशी "फुस्स" असा आवाज आला आणि फ्रीज गेला. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातच नळी असते, हे कुणाला ठाऊक? बाबांनी आईला शब्दानेही दुखावले नाही, पण दुरुस्तीला पाऊण पगार गेला. मेकॅनिकने साबणाचा फेस लावून भोक शोधले, बुजवले, पुन्हा गॅस भरला. मी शेजारी उकिडवा बसून ते पाहिले आणि तिथेच माझा धंदा ठरला.

आयटीआय करून मी परळच्या एका वर्कशॉपात लागलो. नळी उघडायची वेळ आली की उस्ताद सांगायचे, "सोड रे हवेत." मी नळी कापायचो, "शूऽऽ" करून उरलेला गॅस निघून जायचा. वास नाही, धूर नाही, खोकला नाही. कुणाला काय वाटणार? आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारे आमच्यात कमी नव्हते. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक परत यायचे, "गॅस संपला!"

आम्ही परळला "शूऽऽ" करत होतो त्याच्या आधीच, १९७४ साली, मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी लिहिले होते की हे वायू खाली नष्ट होत नाहीत. ते वर जातात, तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे भोक जगासमोर आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी करार झाला तो आपल्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात. भारताने लगेच सही केली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होते. आयुष्यभर गॅस उडवला श्रीमंत देशांनी, आणि फ्रीज पहिल्यांदा घरात येत असलेल्या माणसाला सांगायचे की आता महागडे तंत्रज्ञान विकत घे! १९९० साली लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधींनी हीच बाजू मांडली. गरीब देशांना बदलाचा खर्च देणारा निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. त्या निधीचे सचिवालय आजही मॉन्ट्रियलला आहे. पुढे जगातला एकूण एक देश या करारात आला.

मी १९८९ साली इथे आलो. "कॅनेडियन एक्स्पीरियन्स" नाही म्हणून काय काय ऐकावे लागते ते तुम्हाला मी सांगायला नको. शेवटी एका दुकानात मदतनीस म्हणून लागलो. काही वर्षांत ओंटारिओत नियम आला की ओझोन संरक्षणाचे प्रशिक्षण घेऊन कार्ड मिळवल्याशिवाय गॅसला हात लावायचा नाही आणि थेंबभरही हवेत सोडायचा नाही; यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरायचा. त्या वर्गात शिक्षकांनी फळ्यावर क्लोरीनचा एक अणू काढला आणि तो ओझोनचे हजारो रेणू कसा मोडतो ते समजावले. सगळे वहीत लिहून घेत होते. मला मात्र परळचा तो "शूऽऽ" ऐकू येत होता.

आता तुमच्या फ्रीजकडे. इथले बहुतेक फ्रीज 'फ्रॉस्ट फ्री'. थंड कॉइल फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड असते, पंखा तिथली गार हवा खाली फ्रीजमध्ये ढकलतो आणि दिवसातून एक-दोनदा छोटा हीटर कॉइलवरचे हिम वितळवतो. त्यामुळे सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: "फ्रीझर ठीक आहे, खाली मात्र दूध नासते." हा गॅसचा दोष क्वचितच. फ्रीझरचे दार उघडून (काही फ्रीजमध्ये दाराचे बटण दाबून धरावे लागते) पंखा ऐका. तो फिरत नसेल तर तोच बदलायचा. फिरत असेल आणि मागच्या भिंतीवर पांढरे हिम दिसत असेल, तर हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेले आहे. खात्री करायची तर सामान काढा, प्लग काढा, दारे चोवीस तास उघडी ठेवा. फ्रीज पुन्हा छान चालला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच रडगाणे सुरू झाले, तर निदान पक्के. सुरी मात्र लावू नका. आमच्या आईची गोष्ट वर सांगितलीच आहे.

भाजीच्या कप्प्याखाली पाणी? वितळलेल्या हिमाचे पाणी एका छोट्या नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या थाळीत जाते. ती नळी गोठली किंवा तुंबली की पाणी आत उतरते. कोमट पाण्याची पिचकारी मारली की बहुधा मोकळी होते. दर दोन-चार मिनिटांनी "टक्" आवाज येतो आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही? प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूचा रिले काढा, कानाशी हलवा. आत खुळखुळला तर गेला. थोड्या डॉलरचा सुटा भाग, आणि त्यापायी लोक नवा फ्रीज आणतात! दाराच्या रबरात पाच डॉलरची नोट अडकवून ओढा. सहज सुटली तर रबर सैल आहे. आणि वर्षातून दोनदा खालच्या जाळीची धूळ काढा. उष्णता टाकायची जागाच बंद केली तर यंत्र बिचारे काय करील?

एक तक्रार मी मुंबईत कधीच ऐकली नव्हती. होळीच्या आधी एका वहिनींचा फोन आला. गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये पंचवीस जणांचे पुरण ठेवलेले, ते सगळे मऊ झालेले. बाहेर हिमवर्षाव आणि फ्रीझर वितळतोय! कारण साधे आहे. थर्मोस्टॅट बसतो खालच्या फ्रीजच्या भागात. गॅरेजमध्येच तीन अंश असले की त्याला वाटते आपले काम झाले, तो कॉम्प्रेसर चालूच करत नाही आणि फ्रीझर हळूहळू गॅरेजइतका 'गरम' होतो. फ्रीजमध्ये दोष काहीच नव्हता. त्या रात्री तो दोघांनी उचलून तळघरात नेला. पुरण मात्र टाकावे लागले.

आर-१२ नंतर आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, पण तो हवा तापवतो. आता नव्या फ्रीजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, तोही जेमतेम पाच-सात तोळे. तो पेटतो, म्हणून त्या नळीला घरी हात लावायचा नाही. क्युबेकने २०२३ साली सुटे भाग आणि दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही निदान आणि दुरुस्तीसाठी यंत्रातली डिजिटल कुलपे उघडायला मुभा दिली. मला याचा आनंद झाला. हॅमिल्टनचा कॅम्कोचा कारखाना २००४ साली बंद झाला. फ्रीज इथे बनत नाहीत तर निदान इथे दुरुस्त तरी व्हावेत.

मी एकदा हिशेब केला. परळला चार वर्षे, आठवड्याला दोन फ्रीज, दर फ्रीजला पन्नास ग्रॅम उरलेला गॅस धरला तरी वीस किलो होतो. आर-१२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट उष्णता अडवतो, म्हणजे दोनशे टन. आणि तो वातावरणात शंभरेक वर्षे टिकतो, म्हणजे मी सोडलेल्यातला निम्म्याहून अधिक आजही वर आहे. शास्त्रज्ञांचा २०२२ चा अंदाज आहे की अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या आसपासचे साल उजाडेल.

मिसिसागात आपल्याच एका मंडळींच्या तळघरात १९८६ चा फ्रीज अजून चालतो. मागच्या पट्टीवर 'आर-१२' लिहिलेले आहे. पाहुणे आले की त्यात श्रीखंड असते. दर दिवाळीला मी जाळी पुसून येतो आणि निघताना काकांना तेच सांगतो: बंद पडला तर भंगारवाल्याला हात लावू देऊ नका, नळी कापू देऊ नका, आधी मला फोन करा. सिलिंडर आणि यंत्र घेऊन माणूस पाठवतो.