दुसरें तिकीट

इतिहासाचा शिक्षक म्हटला म्हणजे तो लढाया, तह आणि राजवंश यांविषयींच बोलणार, अशी आपली समजूत असणें साहजिक आहे. मींहि शाळेंत आयुष्यभर तेंच केलें. परंतु इतिहास जसा सिंहासनाचा असतो, तसा तो तिकिटाच्या खिडकीचाहि असतो. कोणत्या गोष्टीसाठीं माणसें पैसे मोजावयास तयार झालीं आणि त्या हौसेचें ओझें अखेर कोणाच्या पाठीवर पडलें, हें पाहिलें म्हणजे त्या काळाची पारख होते. आज मी अशाच एका तिकिटाची हकीकत सांगणार आहें.

तिचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी एका मोठ्या शहरांतील प्राण्यांच्या बागेंत गेलों होतों. दारावरच्या तिकिटाचे पैसे सर्वांनीं आधींच भरले होते. आंत गेल्यावर एका झाडाखालीं हत्ती उभा असलेला दिसला. त्याच्या पाठीवर बसून एक फेरी मारावयाची, तर निराळे पैसे द्यावे लागत. ज्यांच्या खिशांत पैसे होते तीं मुलें शिडी चढून वर बसलीं. दहाबारा मुलें कठड्याशीं उभीं राहिलीं. त्यांतला एकजण मला म्हणाला, "गुरुजी, आपण सगळे आंत आलों ना? मग आम्ही पुन्हां बाहेरच कसे?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं पाकिटांतून त्या मुलांचे पैसे भरले आणि एक अन्याय दूर केला अशा समाधानानें घरीं परतलों. त्या जास्तीच्या फेऱ्या कोणाच्या पायांनीं झाल्या, हा विचार त्या दिवशीं मला शिवलाहि नाहीं.

पैसे घेऊन जनावराच्या पाठीवर मुलांना बसविण्याची ही चाल जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८६५ पासून १८८२ पर्यंत जंबो नांवाचा प्रचंड हत्ती होता. तो मुलांना पाठीवर घेऊन फिरे आणि त्याबद्दल लोक जे पैसे देत, ते त्याच्या रखवालदाराच्या खिशांत जात. १८८२ सालीं हा जंबो अमेरिकेंतील प्रसिद्ध तमासगीर बार्नम यानें विकत घेतला. आपला आजचा विषय, म्हणजे समुद्रांतील मोठ्या प्राण्यांना हौदांत ठेवून दाखविणें, याच बार्नमपाशीं येऊन पोंचतो. त्याआधीं वीसएक वर्षें, १८६१ सालीं, त्यानें सेंट लॉरेन्स नदींतून पांढरे बेलुगा देवमासे पकडवून न्यूयॉर्क शहरांतील आपल्या संग्रहालयाच्या तळघरांत हौद बांधून ठेवले होते. ते थोड्याच दिवसांत मेले. त्यानें दुसरे आणविले. १८६५ च्या जुलै महिन्यांत तें संग्रहालय आगींत जळालें, तेव्हां आंत असलेले बेलुगाहि त्यांतच नष्ट झाले. बार्नम हा साधुपुरुष खचित नव्हता. परंतु त्याच्या पंचवीस सेंटांच्या तिकिटांत हे देवमासेहि पाहावयास मिळत. तो विकत होता ती नजर, स्पर्श नव्हे.

पुढें १९१३ सालीं त्याच शहरांतील बॅटरी भागांतल्या मत्स्यालयांत डॉल्फिन आणून ठेवण्यांत आले. डॉल्फिन हा माशासारखा दिसत असला तरी मासा नव्हे. तो श्वास घेण्यासाठीं वर येणारा आणि पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे, हें आपणांस ठाऊक असेलच. तें मत्स्यालय लोकांना विनामूल्य उघडें होतें. म्हणजे तेथें हमाल आणि सावकार एकाच कठड्याशीं उभे राहून एकच डॉल्फिन पाहूं शकत.

खरें वळण लागलें तें १९३८ सालीं. फ्लॉरिडा प्रांतांत, सेंट ऑगस्टीन गांवाच्या दक्षिणेस अगदीं समुद्राच्या कांठीं, 'मरीन स्टुडिओज्' नांवाची संस्था २३ जून रोजीं उघडली. तिच्या संस्थापकांत रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय यांचा नातू इल्या टॉलस्टॉय हाहि होता. मूळ हेतु चित्रपटांचा. मोठ्या हौदांच्या भिंतींना खिडक्या ठेवून पाण्याखालचीं दृश्यें टिपावयाचीं, एवढाच. परंतु पहिल्याच दिवशीं वीस हजारांवर लोक लोटले. डॉल्फिनांना खाऊं घालणारा नोकर हातांत मासा धरून उंच करी आणि ते पाण्याबाहेर उसळून तो घेत. हें पाहण्यास गर्दी जमे. अशा रीतीनें त्यांच्या जेवणाची वेळ हीच खेळाची वेळ ठरली. १९४९ सालीं तेथें अडॉल्फ फ्रोन नांवाचा सर्कशींतील अनुभवी शिक्षक आला व त्यानें फ्लिपी नांवाच्या डॉल्फिनास पद्धतशीर शिकविण्यास आरंभ केला. तरीहि येथपर्यंत माणूस कठड्याच्या अलीकडे आणि जनावर पलीकडे, ही मर्यादा टिकून होती.

ती मर्यादा पैशानें ओलांडतां येते, हा शोध पुढचा. १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथें 'सी-वर्ल्ड' हें उद्यान उघडलें आणि पुढच्याच वर्षीं तेथें शामू नांवाची ओर्का आणली गेली. अशा उद्यानांतून हळूहळू एक रीत पडली. दारावर तिकीट घेऊन आंत यावें, आणि आंत पुन्हां निराळे पैसे देऊन लहान माशांचें तबक विकत घ्यावें; मग डॉल्फिन कांठाशीं येऊन तोंड उघडतो व आपण त्याच्या तोंडांत मासा टाकावा. पहिलें तिकीट पाहण्याचें, दुसरें जवळ जाण्याचें.

येथें क्षणभर थांबून या व्यवहाराचा हिशेब समजून घेतला पाहिजे. नजर हजारों माणसांना एकदम पुरते. दोन हजार माणसें बांकांवर बसलीं तरी डॉल्फिनाला उडी एकदांच मारावी लागते. स्पर्शाचें तसें नाहीं. तो एका वेळीं दोघांतिघांनाच मिळूं शकतो. म्हणून स्पर्शाची किंमत चढते, आणि जितके गट पैसे भरतील तितक्या वेळां त्याच जनावरास कांठाशीं यावें लागतें. पहिल्या तिकिटांत गर्दी वाढली म्हणजे मालकाचा फायदा वाढतो, पण जनावराचें काम वाढत नाहीं. दुसऱ्या तिकिटांत मालकाची प्रत्येक जादा कमाई म्हणजे जनावराचा प्रत्येक जादा खेप. या व्यवहाराचें मर्म एवढ्यांत आहे.

यांतील विसंगति पाहावयाची असेल तर त्याच देशाचा कायदा पाहावा. समुद्रांतील सस्तन प्राण्यांच्या रक्षणासाठीं अमेरिकेंत १९७२ सालीं कायदा झाला. त्याखालीं १९९१ सालीं असा नियम करण्यांत आला कीं, समुद्रांतील मोकळ्या डॉल्फिनांना खाऊं घालणें हा त्यांना दिलेला उपद्रवच होय. कारण त्यामुळें ते माणसाला सरावतात, नौकांच्या मागें लागतात आणि त्यांच्या पंख्यांनीं जखमी होतात. उतारूंना नौकेंतून नेऊन डॉल्फिनांना चारण्याचा धंदा करणाऱ्यांनीं या नियमाविरुद्ध दाद मागितली. परंतु १९९३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें नियमच उचलून धरला. म्हणजे जी गोष्ट भिंतीबाहेर अपराध ठरली, तीच भिंतीच्या आंत तबकागणिक विकली जात होती!

यापुढची पायरी डॉल्फिनाबरोबर पोहण्याची. १९८० नंतरच्या दशकांत फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवर ती प्रथम चढली गेली, आणि सरकारनें चार ठिकाणांना प्रयोग म्हणून परवानगी दिली. त्या प्रयोगांचें शास्त्रीय निरीक्षण १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें शिक्षकाचा ताबा नसतांना माणसें व डॉल्फिन एकत्र पोहत, तेथें दोघांनाहि धोका उत्पन्न होईल असें वर्तन अधिक घडे, असें त्यांत आढळलें. १९९४ सालीं ही देखरेख शेतकी खात्याकडे गेली होती. त्या खात्यानें १९९८ सालीं नियम प्रसिद्ध केले. एका डॉल्फिनास दिवसांतून दोन तासांहून अधिक वेळ माणसांबरोबर ठेवूं नये. चोवीस तासांत निदान दहा तास सलग त्याला माणसांपासून सुट्टी असावी. आणि नकोसें झाल्यास तो निघून जाऊं शकेल अशी माणसांना मज्जाव असलेली जागा हौदांत राखून ठेवावी. गिरणींतल्या मजुरांसाठीं एके काळीं जे कायदे झाले, त्यांची आठवण व्हावी असे हे नियम होते. पण एप्रिल १९९९ मध्यें त्यांची अंमलबजावणी तहकूब झाली. एक वर्षहि पुरतें भरलें नाहीं.

लगेच पुढच्या सालीं, २००० मध्यें, फ्लॉरिडांतील ऑर्लॅंडो शहरांत 'डिस्कव्हरी कोव्ह' नांवाचें निराळें उद्यानच निघालें. दिवसाला ठराविक माणसें, आगाऊ नोंदणी, आणि तिकिटांचे दोन दर: एक डॉल्फिनाबरोबर पोहण्याचा आणि एक त्यावांचूनचा. दुसरें तिकीट आतां बागेच्या कोपऱ्यांतून उठून महाद्वारावर येऊन बसलें होतें.

त्याच शहरांतील 'सी-वर्ल्ड'मध्यें ओर्काच्या तळ्याकांठीं बसून जेवण्याचीहि सोय होती. अर्थात् निराळे पैसे भरून. २४ फेब्रुवारी २०१० रोजीं असें एक जेवण आटोपल्यावर कांठाशीं असलेल्या अनुभवी शिक्षिकेस टिलिकम नांवाच्या ओर्कानें पाण्यांत ओढलें आणि तिचा अंत झाला. जेवावयास आलेल्यांपैकीं कांहीं जण तेथेंच होते. त्या बाईंचें आपल्या प्राण्यांवर प्रेम होतें यांत शंका नाहीं. पण प्रेमानें समुद्राचें तळें होतें, तळ्याचा समुद्र होत नाहीं. पुढें सरकारनें कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्याखालीं कंपनीस दोषी धरलें, आणि २०१४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय कायम केला. २०१५ सालीं ऑर्लॅंडोच्या उद्यानांत प्रेक्षकांनीं डॉल्फिनांना मासे चारण्याची जुनी रीत बंद झाली. २०१६ सालीं कंपनीनें ओर्कांची पैदास थांबविण्याचें जाहीर केलें.

या उद्यानांच्या बाजूनें जें बोललें जातें तेंहि सांगितलें पाहिजे. एकच बाजू सांगणें हें इतिहासाच्या शिक्षकास शोभत नाहीं. ते म्हणतात, ज्याला हात लावला त्याच्याविषयीं माया उत्पन्न होते, आणि आमच्या पैशांतून किनाऱ्यावर अडकलेले प्राणी वांचविले जातात. हें दुसरें म्हणणें खोटें नव्हे. जखमी सील आणि समुद्रगाई यांची शुश्रूषा करून त्यांना परत सागरांत सोडण्याचें काम या संस्थांनीं केलेलें आहे. परंतु एका प्राण्याच्या औषधाचा खर्च दुसऱ्यानें जन्मभर हौदांत राहून भरावा, हा कोणता न्याय? आणि पहिल्या म्हणण्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, डॉल्फिनाच्या जबड्याची ठेवणच अशी आहे कीं तो आजारी असला तरी हसतांना दिसतो. त्या हसण्यावर भुलून ज्याची माया जडली, त्याला डॉल्फिन समजला असें म्हणतां येणार नाहीं.

आपल्या देशाचा या हकीकतीशीं संबंध आहे, आणि तो अभिमानानें सांगण्यासारखा आहे. १९९८ सालीं चेन्नईजवळच्या एका उद्यानांत परदेशांतून डॉल्फिन आणले गेले. ते कांहीं महिन्यांतच मेले. पुढें आणखी कांहीं राज्यांत अशीं डॉल्फिनगृहें बांधण्याच्या योजना निघाल्या. आपल्या कोंकणांत सिंधुदुर्ग जिल्ह्यासाठींहि तशी चर्चा होती. परंतु मे २०१३ मध्यें केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें सर्व राज्यांना कळविलें कीं, अशा कोणत्याहि गृहास परवानगी देऊं नये. त्या पत्रकांत डॉल्फिनाची बुद्धि लक्षांत घेऊन त्याला माणसाव्यतिरिक्त एक 'व्यक्ति' मानावें, या शास्त्रज्ञांच्या मताचाहि उल्लेख आहे. बाहेरच्या देशांना जें हौद बांधून झाल्यावर उमगलें, तें आपणांस पाया खणण्यापूर्वींच सुचलें.

मात्र याचा गर्व नको. आपल्या किनाऱ्यावर, दापोलीकडे किंवा मालवण-तारकर्लीकडे, सकाळच्या वेळीं होडींतून डॉल्फिन पाहावयास जातां येतें. होडीवाला भाडें घेतो तें होडीचें. डॉल्फिन आला तर आला. हा सौदा मला पसंत आहे. पण "आणखी जवळ न्या, वर पैसे देतों" असें होडींतला एखादा हौशी गृहस्थ म्हणतो, होडीवाला मोहांत पडून यंत्राचा जोर वाढवितो, आणि चार होड्या मिळून एका डॉल्फिनाच्या पाठीस लागतात, तेव्हां त्या उघड्या समुद्रांतहि दुसरें तिकीट फाडलें जातें. त्यासाठीं भिंत लागत नाहीं.

श्रोतेहो, त्या सहलीच्या दिवशीं मला वाटलें कीं, अन्याय आहे तो कांहीं मुलांना फेरी मिळाली आणि कांहींना मिळाली नाहीं, हा. तो अन्याय होताच. गरीब मुलाचें दुःख खोटें नव्हतें. पण मीं तो मिटविला तो हत्तीच्या खर्चानें. आज तो मुलगा मला भेटला तर मी त्याला सांगेन, "बाबा रे, तुझा प्रश्न बरोबर होता, माझें उत्तर चुकलें. तुम्हां दहाजणांना शिडीवर चढविण्याऐवजीं मीं त्या तीसजणांना खालीं उतरवावयास हवें होतें. मग आपण सर्व जण एका कठड्याशीं उभे राहून हत्ती पाहिला असता, आणि कोणीच बाहेर राहिला नसता."