मॉनमथ

वेल्सच्या आग्नेय भागातील एक इतिहासप्रसिद्ध बाजारपेठेचे शहर. लोकसंख्या सु. १०,०००. ते कार्डिफच्या ईशान्येस सु. ४८ किमी., इंग्लंडच्या सीमेजवळ, मॉनो व वाय या नद्यांच्या संगमावर वसले आहे. नदी ओलांडण्याच्या या मोक्याच्या जागेमुळेच त्यास लष्करी व व्यापारी महत्त्व प्राप्त झाले.

रोमनांचे ब्लेस्टियम हे ठाणे येथे होते. नॉर्मन सरदार विल्यम फिट्झऑझबर्न याने अकराव्या शतकात येथे किल्ला बांधला व त्याच्या आश्रयाने बाजारपेठ वाढली. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचा जन्म याच किल्ल्यात १३८६ मध्ये (काहींच्या मते १३८७) झाला. यादवी युद्धाच्या अखेरीस, १६४७ मध्ये, किल्ला पाडण्यात आला. त्याचे भग्नावशेष आढळतात. मॉनो नदीवरील तेराव्या शतकातील दगडी पुलावर संरक्षक वेस उभी आहे. पुलावरच वेस असलेला मध्ययुगीन पूल ब्रिटनमध्ये हा एकच उरला आहे. बाजारास येणाऱ्या मालावर या वेशीत जकात घेतली जाई. २००४ मध्ये नवा पूल झाल्यापासून जुना पूल पादचाऱ्यांसाठी राखला आहे.

सोळाव्या शतकातील कायद्यांनी मॉनमथशर परगणा वेल्सच्या न्यायव्यवस्थेबाहेर ठेवल्याने तो इंग्लंडचा की वेल्सचा, हा प्रश्न दीर्घकाळ संदिग्ध राहिला. १९७२ च्या कायद्याने (अंमल १९७४) तो वेल्समध्ये निश्चितपणे गणला गेला.

येथील शायर हॉल (१७२४) या इमारतीत सनदवादी चळवळीचा गाजलेला खटला चालला. प्रौढ पुरुषांस मताधिकार, गुप्त मतदान इ. सहा मागण्यांसाठी झगडणाऱ्या कामगारांवर नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यूपोर्ट येथे सैनिकांनी गोळीबार केला, त्यात सु. २२ जण ठार झाले. जॉन फ्रॉस्ट, झेफनाया विल्यम्स व विल्यम जोन्स या पुढाऱ्यांना जानेवारी १८४० मध्ये राजद्रोहाबद्दल देहदंड फर्मावण्यात आला. पुढे तो रद्द करून त्यांना जन्मठेपेवर टास्मानियात पाठविण्यात आले. फ्रॉस्ट १८५६ मध्ये मायदेशी परतला. या चळवळीच्या सहांपैकी पाच मागण्या कालांतराने कायद्यात आल्या. केवळ दरवर्षी निवडणुकीची मागणी मान्य झाली नाही. खटल्याचे दालन जतन केलेले आहे.

वाय नदीचे खोरे वनाच्छादित उतार व चुनखडीचे कडे यांसाठी प्रसिद्ध आहे. विल्यम गिल्पिन याने १७७० मधील प्रवासावर लिहिलेल्या ग्रंथामुळे (१७८२) रॉस ते चेपस्टो हा नौकाप्रवास लोकप्रिय झाला. निसर्गशोभा पाहण्यासाठी स्वदेशातच सहल करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रूढ होण्यास त्याचा हातभार लागला. दक्षिणेस टिंटर्न येथील सिस्टर्शियन मठाचे (स्थापना ११३१) छप्परहीन अवशेष, नैर्ऋत्येस रॅग्लन किल्ला व पूर्वेस किमिन टेकडीवरील नौदल स्मारक (१८००) प्रेक्षणीय आहेत. शहराची प्रवासी रेल्वे १९५९ मध्ये बंद झाल्याने येथे रस्त्यानेच जावे लागते.